सात फुल्या

आठ दिवे हवे होते मिसेस रेनींना, स्वयंपाकघरात.
मोतीबिंदू पिकत आलाय, म्हणाल्या,
कप भरला की नाही ते मी आवाजावरून ओळखते.
मी शिडी लावली, पेन्सिलीने आठ फुल्या मारल्या
आणि पहिल्या फुलीवर ड्रिल टेकवलं.

क्लाइडबँकमधलं बैठं घर. सकाळचे नऊ.
छतावर लेपाची नक्षी, शिंपल्याला लागून शिंपला,
कुणीतरी कधीकाळी ओल्यात कंगवा फिरवून काढलेली.
मी ती पाहिली होती.
पाहिली होती, हे आधीच लिहून ठेवतो.
पण शुक्रवार होता, दुपारी दुसरं काम होतं,
आणि अशी किती छतं माझ्या हाताखालून गेली
ते मी कधी मोजलेलं नाही. मोजायची भीती वाटते.

भुकटी पडली. फार नाही, चमचाभर.
ओट्यावर, माझ्या बाहीवर,
आणि त्यांच्या निळ्या बशीत, अर्ध्या बिस्किटावर.
तेव्हा कुठे हात थांबला.
शहाणपण आलं, पण वरातीमागून.

"काय झालं, लॅकी?"

जिभेवर खोटं तयार होतं:
पातं बोथट झालंय, सोमवारी येतो.
सोमवारपर्यंत कुणाला काय दिसणार होतं?
त्यांना तर नाहीच.

खाली उतरलो. म्हटलं,
घर त्र्याहत्तर सालचं. त्या लेपात ॲस्बेस्टॉस असू शकतं.
भोक पाडायच्या आधी तपासायला हवं होतं.
मी तपासलं नाही.
आता तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा, दार लावून.
केरसुणी नको, घरचा व्हॅक्यूम तर नकोच नको.
मुखपट्टी लावून ओल्या फडक्याने मी पुसतो, फडकं पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, नमुना प्रयोगशाळेत.
पैसे माझे.

वाटलं, ओरडतील. किंवा म्हणतील,
बिल फुगवायची ही नवी तऱ्हा का?
डम्बार्टनच्या एका गिऱ्हाइकाने मागच्या महिन्यात हेच म्हटलं
आणि दुसरा गडी बोलावून
संध्याकाळच्या आत भोकं पाडून घेतली.

त्या बशीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, आमचा ह्यू हेच लिंपायचा. गोदीत,
जहाजांच्या वाफेच्या नळ्यांना.
जेवणाच्या सुट्टीत पोरं ओल्या लगद्याचे गोळे करून
एकमेकांना मारायची, बर्फ असल्यासारखी.
घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यागत.
मी मागच्या दारात त्याची डांगरी झटकायची,
रोज, कपड्यांचे चिमटे दातात धरून.
तो जाऊन एकवीस वर्षं झाली.
माझ्या छातीचा फोटो काढतात दर हिवाळ्यात.

आणि इतक्या वर्षांत, म्हणाल्या,
"मी तपासलं नाही" असं मला कुणी म्हटलं नव्हतं.
गोदीने नाही, साहेबाने नाही.
वकील तर दोन्हीकडचे गोड बोलून गेले.

ही शाबासकी नव्हती.
मी तशी घेतलीही नाही.

बशी धुता आली असती.
"राहू दे, पिशवीत घाल," म्हणाल्या, "बिस्किटासकट."

जॅकेटही पिशवीत गेलं.
नोव्हेंबरात नुसत्या बनियनवर गाडी चालवत घरी आलो.
आयला धावत आली नेहमीसारखी.
"थांब!" मी ओरडलो, दारातच.
ती थांबली. मी अंघोळ करून येईपर्यंत
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होती,
आपलं काय चुकलं याचा विचार करत.

बुधवारी अहवाल आला. आहे.
पांढरं, थोडं, लेपात मुरलेलं.
थोडं म्हणजे किती, हे मी दोनदा विचारलं.
उत्तर देणारा माणूस सभ्य होता.

मिसेस रेनींना भिंतीवर एक दिवा लावून दिला,
जिथे विटा आहेत, नुसत्या विटा.
भोक बुजवलं, वरून रंग दिला. ठिगळ दिसतं.
"मला नाही दिसत," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

उरलेल्या सात फुल्या पुसायच्या राहिल्या.
पुसायला गेलं तरी हात लावावाच लागतो.