खुबे

कारील गावात पाणी उतरलं की बायका उतरतात.
छातीपर्यंत रबरी विजार, हातात दाताळं,
मागून तरंगत येणारी बादली,
दाव्याला बांधलेल्या वासरासारखी.

दोसिंदा एकसष्टची.
गॅलिसियाच्या ह्या खाडीत ती इतकी वर्षं वाकली
की ताठ उभी राहिली तरी
गावाला वाकलेलीच दिसते.

कंबर दुखते, हे ती सांगते.
कंबर सगळ्यांचीच दुखते, त्यात लाज नाही,
उलट थोडा मानच आहे.
दुसरं सांगत नाही.
शिंक आली, बादली उचलली,
ओब्दुलियाने पाद्री आणि गाढवाचा तो किस्सा
पुन्हा सांगितला,
की मांड्यांमधून ऊब उतरते.
विजारीत सगळंच ओलं.
एकोणीस वर्षं समुद्राने
तिचं गुपित स्वतःच्या नावावर घेतलं.

भीती कोरड्या जागांची.
चर्चचं बाकडं. बसची सीट.
भाचीच्या लग्नात बॅगपाइप सुरू झाला
तेव्हा ती स्वयंपाकघरात
दुसऱ्यांची भांडी विसळत होती.

मंगळवारी मच्छीमार संघाच्या माडीवर,
डिझेल आणि ओल्या दोरांच्या वासात,
इरिया चटया अंथरते.
फिजिओथेरपिस्ट, बत्तीस वर्षांची,
हातमोज्यांचं खोकं, आणि प्लास्टिकचा
एक कटीचा सांगाडा,
ज्याचं नाव बायकांनी पहिल्याच दिवशी
नगराध्यक्षीणबाई ठेवलं.

"हिच्या तळाशी स्नायूंची झोळी असते,
तुमच्याही.
तिन्ही बाळंतपणं तिने पेलली
आणि कुणी विचारलं नाही, बाई, बरी आहेस ना."
मग म्हणाली, आवळा. वर ओढा. लिफ्टसारखं.
दोसिंदा जन्मात दोनदा लिफ्टमध्ये चढलेली,
दोन्ही वेळा कुणीतरी मरायला टेकलेलं.
तिने पोट आवळलं, दात आवळले, मुठी आवळल्या,
जे आवळायचं ते सोडून सगळं.

इरिया जरा थांबली.
"बोट लावल्यावर शिंपला काय करतो?"
माडी गप्प.
मग ओब्दुलिया फिस्सकन हसली,
कारण त्या किनाऱ्यावर ह्या शब्दाचा दुसरा अर्थ
शाळेतल्या पोरांनाही ठाऊक.
सगळ्या हसल्या. दोसिंदाही हसली,
हसता हसता घाबरली,
आणि घाबरताना खोल कुठेतरी
काहीतरी मिटलं.
"हेच," इरिया म्हणाली. "आता सोडा.
सोडताही यायला हवं. सतत मिटलेला शिंपलाही
उपाशीच मरतो."

मग कुशीवर पडून, टाचा जुळवून,
वरचा गुडघा सावकाश उघडायचा.
ह्या व्यायामालाही शिंपलाच म्हणतात.
माझ्या भाषेत मांडी जिथे कटीत बसते
तो सांधा खुबा,
आणि खाडीच्या चिखलातले ते खुबे.
ज्या बाईने दोघांना एकच शब्द दिला
ती नक्की गुडघाभर चिखलात उभी असणार,
एक हात कमरेवर.

चौदा आठवडे झाले.
बरं झालं, असं दोसिंदा म्हणत नाही.
चारपर्यंत धरता यायचं, आता नऊपर्यंत.
टॉवेलाची घडी अजून खिशात असते,
फक्त खिशात.
शिकली ती एवढंच: ओझं उचलताना
श्वास कोंडायचा नसतो.
बादली, ट्रॉली, पोरं, आजारी सासू,
सगळं तिने श्वास धरून उचललेलं,
आणि तो सगळा दाब
खाली जाऊन बसलेला.

आज पाण्यात ऊन आहे.
दोसिंदा दाताळं ओढते, मिटते, मोजते, सोडते.
कुणाला काही दिसत नाही.
शेजारी ओब्दुलिया बादलीकडे वाकते
आणि मध्येच थबकते,
गुडघ्याला गुडघा चिकटवून,
क्षितिजाकडे उगाच बघत.

हे थबकणं दोसिंदाला पाठ आहे.
तीही क्षितिजाकडेच बघते.
"श्वास सोडत उचल," म्हणते.
"काय?"
"बादली गं."
थोड्या वेळाने, चिखलाला सांगावं तसं:
"मंगळवारी पुढची चटई धर.
मागे नुसत्या हसतात."