खालच्या आवाजाला दिशा नसते

वळवईच्या फेरीतून स्कूटर उतरवली तेव्हा
पायांत सबवूफरचा खोका,
मागे दोरीनं आवळलेले पाच स्पीकर.
रोहिदासबाब गेटाशीच उभे.
"पोरानं दुबईहून पाठवलं. आम्ही कुठे मागितलं होतं?"

हॉल चौदा बाय अकरा.
एका अंगाला खिडकी, खिडकीखाली उतार, उताराखाली नदी.
दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघराचं दार, दाराला पडदा,
पडद्याशी सुलक्षाबाई,
हाताला नारळाचा कीस तसाच.

मी टेप काढली.
पुढचे दोन कानाच्या उंचीला, जरासे आत वळवून.
मागचे दोन अगदी पाठीशी नाहीत,
खांद्याच्या थोडे मागे, वीतभर वर.
मधला टीव्हीच्या खाली, बोलण्यासाठी.
हे मी रोज सांगतो,
भटजी संकल्प सांगतात तसं,
मन दुसऱ्याच घरी ठेवून.

भिंत चिऱ्याची. ड्रिल टेकवलं मात्र,
तांबडी भुकटी
माझ्या भुवयांवर, सोफ्यावर, शांतादुर्गेच्या फोटोवर.
बाई काही न बोलता ओला फडका घेऊन आल्या.

"मधे कोण बसणार?"
हाही रोजचाच प्रश्न. सगळी मापं तिथून निघतात.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
"ह्यांना उजवा कान नाही," बाई म्हणाल्या.
"एकतीस वर्षं बार्ज चालवली.
इंजिनाचा पाइप त्या अंगाला होता."

तपासणीचा आवाज सोडला: खर्रर्र.
समोर डावीकडे. त्यांनी बोट दाखवलं.
मधे. बोट सरकलं.
समोर उजवीकडे. बोट मधेच राहिलं.
मागे उजवीकडे. ते वाट पाहत बसले,
हजेरीत नाव घ्यायचं राहून गेलेल्या मुलासारखे.
मी आवाज तीन डेसिबल वाढवला. पाच. आठ.
दाराशी बाईंनी कान झाकले.

"उजवीकडच्या दोघांची वायर काढू?"
"राहू दे," बाई म्हणाल्या.
"उजवीकडचं या घरात मीच ऐकते.
पाववाल्याचा हॉर्न, फोन,
ह्यांना त्या बाजूनं कुणी हाक मारली तर ती."

राहिला सब.
त्याची जागा शोधायची एक रीत आहे, लोक हसतात:
खोका सोफ्यावर ठेवायचा, माणसाच्या जागी,
आणि माणसानं हातांवर-गुडघ्यांवर
भिंतीच्या कडेकडेनं रांगायचं.
जिथे ढुम् भरीव लागेल, तिथे खूण.
मी रांगू लागलो. टीपॉयखालून बाहेर आलो तर
रोहिदासबाब वाकून बघतायत.
"काय हरवलं रे पुता?"
"बेस."

समजावलं त्यांना:
खालच्या आवाजाला दिशा नसते, बाब,
तो कुठून येतो ते कानाला कळत नाही.
"दिशा नसते कशी?" ते म्हणाले. "खाली असते की."

आणि चपला काढल्या.
हात पाठीशी बांधून निघाले,
एकेक तळवा फरशीवर पुरता टेकवत.
टीव्हीपाशी थांबले. "इथे पातळ."
सोफ्यामागे. "इथे नुसता चिखल."
खिडकीखाली, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे,
बराच वेळ.
"हां. इथे खोल आहे."

बार्ज वाळूवर चढायच्या आधी, म्हणाले,
पायाखालचा पत्रा वेगळा वाजतो.
कानाला मागाहून कळतं.
कान म्हणजे जेवणं उठल्यावर पोचणारा पाहुणा.

मी मीटर लावून पाहिला.
मीटरचंही तेच म्हणणं पडलं.

खोका तिथे ठेवला. वायर कडेनं नेली, पट्टीत दाबली.
बाईंनी कागदात बांधून सोलं दिली,
बिल दुबईत भरलेलं होतं.
निघण्याआधी स्टूल पुन्हा ओढलं,
मागचा उजवा स्पीकर सोफ्यावरून काढून
स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला,
बाई उभ्या राहतात त्या उंचीला.
पुस्तिकेप्रमाणे हे चूक आहे.
कामाच्या पावतीवर मी तसं काही लिहिलं नाही.