दीड तास पुढे

सोहारमध्ये पहाटेचे साडेतीन वाजतात
तेव्हा गावात पाच झालेले असतात.
गाव आमच्याहून दीड तास पुढे.
भांडणसुद्धा तिथे आधी उठतं,
चूळ भरतं,
मग आमच्या उशाखाली थरथरतं.

खोली नंबर चौदा. दोन खाटा खाली, दोन वर.
मी खाली. माझ्या डोक्यावर मुबीन पारकर,
म्हणजे त्याच्या गादीचं लोंबणारं पोट.
एसीचं पाणी लबानच्या रिकाम्या डब्यात ठिबकतं.

निवडणूक लागली त्या आठवड्यात
'आमची खाडी' या ग्रुपचे दोन ग्रुप झाले.
एक 'आमची खाडी', दुसरा 'खरी आमची खाडी'.
मी खरीत. मुबीन नुसत्या आमचीत.
खाडीला कुणीच आत घेतलं नव्हतं.
ती आपली भरतीला यायची,
ओहोटीला चिखल दाखवून जायची.

मग बेंडलांच्या विजयानंदने तो व्हिडिओ टाकला.
काळोख, होडी, होडीतून उतरणारी पोती,
वर लाल अक्षरं:
बघा, नोटा कुणाच्या होडीतून येतात.

व्हिडिओत मागे दीपस्तंभ होता.
आमच्याकडे कसला दीपस्तंभ!
एक ट्यूबलाइट, तीही पंचायतीने बिल भरलं तर.
होडीची नाळ निळी होती.
पारकरांच्या होडीची हिरवी.
मीच रंगवलेली, आठवीच्या मे महिन्यात,
मुबीनबरोबर, एका डब्यात दोन ब्रश.

हे सगळं मला दिसलं.
दोनदा पाहिलं मी.
आणि बाण दाबला.
सत्तेचाळीस जणांना, नाश्त्याच्या सुट्टीत,
दुसऱ्या हातात खुब्जचा तुकडा.

तिसऱ्या दिवसापासून होडीत कुणी बसेना.
लोक पुलावरून जायला लागले, सात किलोमीटरचा वळसा.
आईसुद्धा.
फोनवर म्हणाली, गुडघा धरलाय रे,
पण बरं दिसत नाही ना, आपणच बसलो तर.

मुबीनही काही हात बांधून बसला नव्हता.
त्याच्या ग्रुपात माझ्या भावाचा फोटो फिरला,
रेशन दुकानातला, तराजूसकट,
खाली लिहिलेलं: काटा मारणारे.
काटा मारतो तो कधीमधी.
म्हणून तर जास्त लागलं.

रात्री दोघांच्या तोंडांवर तोच निळा उजेड.
वरून टकटक, खालून टकटक,
एकाच लोखंडी खाटेवर दोन छापखाने,
मध्ये दोन इंच फोम.
भात मात्र एकाच कुकरात.
तो लावायचा, मी उतरवायचो, न बोलता.

निवडून कोण आलं ते सांगत नाही.
तुम्ही लगेच विचाराल, मग तू कुणाचा?
आमच्या दोघांच्या बोटांना सहा वर्षं शाई नाही.
मतदानाच्या दिवशी आम्ही पाइपांच्या मांडणीवर होतो,
बेचाळीस डिग्रीत.
मी वर चढलो, शिडी त्याने धरली.
शिडी हलली नाही.
एवढं लिहून ठेवतो.

गेटवरचं हजेरीचं मशीन माझा अंगठा ओळखत नाही.
सिमेंटने रेषा खाल्ल्या, उरल्या त्या डिझेलने.
लाल दिवा. परत लाल.
मागे रांग, रांगेतून बंगाली शिवी, मल्याळी शिवी.
फोनने हाच अंगठा कधी परत पाठवला नाही.
एकदाही विचारलं नाही, कोण तू?

आज मुबीन मागेच होता.
बाटलीचं झाकण काढलं,
माझ्या अंगठ्यावर पाणी ओतलं,
स्वतःच्या सदऱ्याला पुसला.
दाब, म्हणाला.
एकोणीस दिवसांनी पहिला शब्द.

लाल.

तो थोडा थांबला.
निळी होती ना, म्हणाला,
त्या होडीची नाळ?

मी अंगठा परत ठेवला.