पाच ओळींत परिचय

शाळेची स्मरणिका निघते आहे.
क्लार्क भोसतेकरांनी कागद पुढे सरकवला : "मॅडम,
नाव, शिक्षण, अनुभव, विषय. पाच ओळींत बसवा.
फोटोच्या मागे नाव लिहा, गेल्या वेळी अदलाबदल झाली."

चारुशीला बाबी चिंदरकर. बी.ए., बी.एड.
सत्तावीस वर्षं. इंग्रजी, आठवी ते दहावी.
झाल्या दोन ओळी.
उरलेल्या तिनांत बाबांना कसं बसवू?

बाबा पेंटर. विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या आसपास
निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या.
इंग्रजी वाचता येत नव्हतं, काढता यायचं.
गिऱ्हाइकाची चिठ्ठी समोर ठेवून
खडूची दोरी मारून रेघा आखायचे,
मग एस म्हणजे नागमोडी वाट,
क्यू म्हणजे देठ खाली गेलेला भोपळा.

मी सातवीत असताना एका दुकानदाराने पंधरा रुपये कापले.
स्टेशनरीत ई हवा होता, ए पडला होता.
बाबा ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले,
"बघ गो चारू, फरक काय पडता?"
मला कुठे ठाऊक. आमची एबीसीडीच पाचवीत सुरू झालेली.
वाचनालयात जाऊन शब्दकोश उघडला, उभ्यानेच :
ए असेल, तर अर्थ, जागचं न हलणारं.

आजूबाजूच्या चाळी गेल्या, टॉवर आले.
ते दुकान तिथेच आहे, पाटीही तीच.
म्हणजे बाबांचं स्पेलिंग तसं बरोबरच होतं,
पंधरा रुपये परत मागायला हवे होते.

विषय.
आठवीला काळ शिकवते, बाराच्या बारा.
भविष्यकाळाची पाच वाक्यं घरून आणा म्हटलं,
तर प्रणिता खरातने चार विमानं उडवली
आणि पाचवं लिहिलं, पुढच्या मे महिन्यात माझं लग्न होईल.
व्याकरणात चूक नव्हती.
खाली लाल शाईत लिहिलं, मधल्या सुट्टीत भेट.
(भेटली. पुढचं या कागदावर नको.)

नववीला कर्मणी प्रयोग.
पुस्तकातलं वाक्य सोपं, आंबा खाल्ला गेला.
मी फळ्यावर दुसरं लिहिलं, झोपड्या पाडल्या गेल्या.
मागच्या बाकावरून इरफान : "मॅडम, 'बाय'च्या पुढे कोण?"
म्हटलं, कर्ता माहीत नसेल तर गाळतात.
"मला माहीत आहे," तो म्हणाला,
"तरी गाळायचा?"
त्या दिवशी तास पाच मिनिटं आधी सोडला.

दहावीला पत्रलेखन. महाबळेश्वरला ये म्हणून मित्राला,
वर्गात कुणी महाबळेश्वर पाहिलेलं नाही,
कुणाच्या घरी कधी पत्र आलेलं नाही.
म्हणून एकदा तक्रारीचं पत्र खरंच टाकलं,
शाळेमागच्या नळाबद्दल, वॉर्ड ऑफिसला,
बेचाळीस सह्या, तळाशी 'युअर्स फेथफुली'.
दीड महिन्याने उत्तर आलं, मराठीत :
आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आला आहे.
इरफान तेव्हा दहावीत होता.
"कर्मणी," तो म्हणाला, आणि वर्ग हसला.

भोसतेकर दोनदा डोकावून गेले.
पाच ओळी केव्हाच संपल्या, मी कागद पाठपोट भरतेय.

एवढं मात्र राहिलं.
नाक्यावर लोकरीचं दुकान होतं, पाटीवर 'निटिंग'.
त्यातला के वाचायचा नसतो, हे मी कॉलेजात जाईपर्यंत
बाबांना सांगितलंच नाही.
सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले.
बाकीच्या अक्षरांइतकाच रंग होता त्याला,
तेवढीच सावली, सोनेरी कड.
"बोलूक नाय तरी काय झाला," म्हणाले,
"जागा अडवता मा? मग रंग नको त्येका?"

दर जूनला सायलेंट अक्षरं शिकवताना
मी फळ्यावर के काढते,
आणि खडू जरा दाबून फिरवते.