पिशवी

नवं अपडेट आलं आणि गल्लीतले सगळे
आपापल्या दारासमोर उभे.
खेळातले रात्रीचे तीन.
पोस्टमन, लाल छत्रीवाली बाई,
ज्याला मी अजून नावही दिलेलं नाही तो टकला.
कुणी आत जाईना.

कॅश पुसली. मोड काढून पुन्हा टाकला.
येणारे-जाणारे सत्तर होते, वीस केले;
वीस जण उभे राहिले.

मग जुनाच उपाय:
अर्ध्या फाइली बाहेर, अर्ध्या आत,
बिघडलं तर त्यातल्याही अर्ध्या,
वहिनी मांदेली निवडते तशी, ढीग फोडत फोडत.
मध्ये दोनदा लाइट गेली.

शेवटी सापडली. नऊ केबीची.
माझीच.
गणपतीच्या सुट्टीत बनवलेली:
रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या हातात पिशवी.
कारण हर्णैच्या बंदरावरून
रिकाम्या हाताने कुणी वर येत नाही,
आणि खेळातली ती माणसं मला उघडी वाटायची.

मोडची काही चूक नव्हती.
दर मिनिटाला सांगत होता तो प्रत्येकाला;
लॉगमध्ये चार हजार ओळी,
नुसतं घरी जा, घरी जा.
पण दार उघडायला हात मोकळा लागतो
आणि पिशवी खाली ठेवता येते
हे मी कुठं लिहिलंच नव्हतं.

काढली फाइल. टकला आत गेला.
खिडकीत दिवा.

हेडफोन उतरवला तेव्हा
आमच्या दारावर लाथा बसत होत्या.
"बहिरा झालास काय रे? कधीची उभी आहे,
दोन्ही हातांत बांगडे,
कडी काढ आधी."