तीन पिंपं

वहीत दोनशे चौदा.
खड्ड्यातून निघाली दोनशे अकरा.
बाकी सगळं त्या तिनासाठी:
पांढऱ्या गाड्या, दारांना शिशाचं सील,
छताला टांगलेला, पापणी न हलवणारा कॅमेरा.

माझे याबा कोठारात कारकून. नाव मिझहर.
एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात वरून हुकूम आला,
तोंडी:
नष्ट करा. लिहू नका.
त्यांनी नष्ट केलं.
आयुष्यात पहिल्यांदाच काही लिहिलं नाही.

सहा वर्षांनी फिनलंडची एक बाई,
बुटांवर आमचीच माती,
दुभाष्यामार्फत विचारते, न रागावता:
पावती?

आमच्याकडे पावतीला वस्ल म्हणतात,
जुन्या कवितेतलं मीलनही तेच.
दुभाषा उगाच खोकला.
खड्डा कुठे पावती देतो?

"नाहीत," याबा म्हणाले.
"नाहीत, ते दाखवा."

तिचं काही चुकत नव्हतं.
उत्तरेच्या डोंगरात आकाशातून काय उतरलं होतं
ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं;
आम्ही त्या दिशेची खिडकी लावून जेवायचो.

लांब कुठेतरी एका टेबलाभोवती
हात वर होत, ठराव होई,
आणि आमच्या गल्लीत
नबीहा आत्याचं इन्सुलिन संपे.

आमच्या गच्चीवर एक निळं पिंप होतं.
रिकामंच आणलं, कधी भरलंच नव्हतं,
असं याबा आईला सांगत.
तिने राखेने सात वेळा घासलं,
आठव्यांदा रडत.
त्याच पाण्याने तिने माझे केस धुतले,
परीक्षेच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, ईदला.

त्या बाईला सांगता आलं असतं.
पण तिच्या खांद्यामागे उभा होता
इस्त्रीच्या शर्टातला आमचाच माणूस,
आणि सरकारी पिंप घरी नेणाऱ्याला
तो काय करतो, याची पावती मिळत नसे.

मग विमानं आली.
कशासाठी आली, यावर पुढे पुस्तकं निघाली.

याबा गेले. पिंपाला बुडाशी एक भोक पडलंय,
बोट जाईल एवढं.
मी त्यात पुदिना लावलाय.

अजून कोणी कोणी विचारतं,
पत्रकार, एक विद्यार्थी, माझा मुलगा.
मी एकाचा हिशेब देते.
उरलेली दोन कुठे गेली
मला खरंच माहीत नाही.

बघा,
तुम्हीसुद्धा तसेच बघताय.