खिसा नसलेल्यांसाठी

निपाणीहून साडेसातची लाल गाडी.
कमरेला एकवीसशे ऐंशी रुपये,
त्यातले तीनशे दहाच्या नाण्यांत,
कल्लव्वानं दिलेले, दोनदा मोजून.
तवंदीचा घाट ओलांडेपर्यंत
नाणी वाजू नयेत म्हणून मी मांडी हलवली नाही.

खडेबाजारात मड्डीमनीचं दुकान.
अर्धं घड्याळांचं, अर्धं चार्जरचं,
पडद्यामागं तसले कॅमेरे.
"यावदु बेकु, अक्का? नवऱ्यावर पाळत?"
म्हटलं, व्हय.
तेच सोपं होतं.

त्यानं पेन काढलं. टोपणात डोळा. नऊशे.
सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या चोळीला पेन?
चेकर कॅमेरा नंतर धरेल,
आधी पेनच धरेल :
कधीपासनं लिहाय लागलीस गं?

बटण दाखवलं. आमच्या चोळीला हूक.
चष्मा दाखवला. हौसाक्काला सात वर्षं
सुईत दोरा ओवता येत नाही,
तिला एकाएकी काळ्या काडीचा चष्मा आला कुठनं?
किल्लीची साखळी. निम्म्या घरांना
नुसती कडी आहे.

ज्यानं कुणी हे बनवलं
त्याच्या डोळ्यांपुढं एक माणूस होता,
इस्त्रीच्या शर्टातला,
खुर्चीवर बसून समोरच्याला बोलतं करणारा.
आम्ही उकिडव्या बसतो.
आणि बोलतो तो चेकर.

मग मीच विचारायला लागले.
एकच ट्यूब असते, तीही त्याच्या डोक्यावर. दिसेल का?
जर्द्याची धूळ सोसतो का?
तारीख उमटते का?
उमटली की. एक जानेवारी,
नऊ वर्षांपूर्वीची.
लेबर ऑफिसातला साहेब म्हणेल,
तेव्हा तर तुमची तक्रारच नव्हती.

शेवटी काचेला तडा गेलेला एक जुना फोन.
सोळाशे. पुढचा डोळा मेलेला, मागचा जिवंत.
बॅटरी चाळीस मिनिटं, कार्डाचे वेगळे.
बिल द्या म्हटलं
तेव्हा त्याचा हात थांबला.
नवऱ्यावर पाळत ठेवणारी बाई बिल मागत नाही.
माझ्या बोटांकडं बघितलं त्यानं, पिवळ्या नखांकडं.
"नम्मव्वनू बीडी कट्टतिद्लु,"
एवढंच, तेही काउंटरकडं बघत.
पैसे पूर्ण घेतले.
बिल कन्नडात लिहिलं, नावाची जागा कोरी.
आणि फोनचा आवाज कसा मारायचा,
दिव्यावर चिकटपट्टी कुठं लावायची
ते तीनदा दाखवलं.

जर्द्याच्या डब्याला दाभणानं भोक पाडलं.
डबा सुपात, सूप रांगेत,
शनिवारी, हौसाक्काच्या मागं मी.

चित्रात तोंडं नाहीत. बरंच झालं.
नुसते हात. अंगठीवाला हात येतो,
कट्टा घेतो, दाबतो, वास घेतो,
छाट.
पुन्हा कट्टा. छाट.
हजारामागे सहा कट्टे, पैसे शून्य.
आणि सव्विसाव्या मिनिटाला
एक पोरगं येतं, छाटेचा ढीग उचलतं
आणि त्याच पोत्यात ओततं
जिथं चांगला माल आहे.
त्या ठिकाणी आम्ही सगळ्याजणी
एकदम ओरडलो होतो, खोलीचं दार लावून.

पण आवाज सगळ्यात मोठा आला आहे
कल्लव्वाच्या खोकल्याचा.
डब्याजवळच बसली होती ती.

एकोणचाळीस मिनिटांवर फोन विझला.
त्यानंतर काय झालं ते मी बघितलं :
चेकर तिच्यापुढं थांबला,
बाजूला टाकलेला एक कट्टा उचलला,
तिच्या सुपात परत ठेवला,
म्हणाला, पाणी पी.

हे कार्डात नाही.
सोमवारी साहेबापुढं सांगायचं की नाही
यावर काल रात्री दोनपर्यंत बोललो.
हौसाक्का म्हणते, एक कट्टा म्हणजे पंचवीस बिड्या.
कल्लव्वा काहीच म्हणत नाही.
फोन चार्जिंगला लावून
बघत बसली आहे.